पाकिटावरची ओळ

आमच्या घरात सध्या एक वाद चालू आहे. इस्टेटीचा नाही, जुन्या इमेलांचा. २००० ते २०१० या काळात भवानी पेठेतलं आमचं घर, न्यू जर्सीचे काका आणि पुण्याची आत्या यांच्यात जो काही पत्रव्यवहार झाला तो जवळजवळ सगळा इमेलवर झाला. आजोबा खाटेवर बसून सांगायचे आणि जो नातू हाती लागेल तो टाइप करायचा. यंत्रमाग ठेवायचे की विकायचे, कुणाचं लग्न जमतंय, कुणाचं मोडतंय, शेंगाचटणी अमेरिकेला पाठवताना डबा कसा बंद करायचा, सगळं त्यात आहे. आजोबा २०११ मध्ये गेले. खतावण्या सोडल्या तर त्यांच्या हातचं लिहिलेलं घरात फारसं काही नाही. ते बोलायचे कसे, हे आता त्या मेलांतच उरलंय.

आणि त्यातल्या बऱ्याच मेली आज उघडल्या की आत मराठी नाही, किडे-मुंग्या दिसतात. चुलतभावाचं म्हणणं असं की एक स्क्रिप्ट लिहायची, सगळं एका झटक्यात साफ करायचं, छान पीडीएफ करून दिवाळीला सगळ्यांना द्यायची आणि मूळ कचरा उडवून टाकायचा. "एका रविवारचं काम आहे बे." पीडीएफला माझा विरोध नाही. कचरा उडवण्याला आहे, कडकडून आहे. का ते फोनवर सांगता येत नाही (फोनवर आमच्याकडे सगळे एकदम बोलतात), म्हणून इथे लिहितोय. कोडशी देणंघेणं नसलेल्या मंडळींनी मधले काही परिच्छेद गाळले तरी चालेल. आत्या, तू मात्र गाळू नकोस.

तर आधी पाकीट. इमेलचे जुने नियम १९८२ चे. तेव्हा मजकूर म्हणजे साधी इंग्रजी, सात बिटांची, एकूण १२८ चिन्हं आणि त्यातलीही काही नुसती यंत्राला सूचना देणारी. फोटो, गाणं, जपानी, मराठी, कशालाच जागा नाही. १९९२ साली बेलकोरचे नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि इनोसॉफ्टचे नेड फ्रीड यांनी 'माइम' नावाचे नियम आणले. त्याच वर्षी ११ मार्चला बोरेनस्टाइन यांनी आपल्या गाणाऱ्या चौकडीचा फोटो आणि आवाज मेलला जोडून पाठवला. आज आपण लग्नाची पत्रिका जोडून पाठवतो ती त्याचीच नात-पणती.

या नियमांत एक ओळ आहे, कंटेंट-टाइप. मेलच्या डोक्यावर, आपल्याला सहसा न दिसणारी. ती सांगते की आत काय आहे: 'टेक्स्ट/प्लेन; चारसेट=यूटीएफ-८'. म्हणजे साधा मजकूर आहे आणि तो अमुक लिपीसंकेताने वाचा. डाव्या बाजूला प्रकार, तिरक्या रेघेनंतर पोटप्रकार, अर्धविरामानंतर बारकावे. पार्सलवर 'काच आहे, जपून' लिहितात ना, तसं. आणि ही ओळ नसलीच तर? नियम सांगतो की मग साधा इंग्रजी मजकूर समजा. १९९२ साली ते योग्यच होतं, जुन्या मेलांना पाकिटावर काही लिहायची पद्धतच नव्हती. पण न सांगितलं तर इंग्रजी, ही सवय यंत्रांना लागली ती लागलीच. मराठी माणसाला आपण मराठीत बोलतोय हे दरवेळी लिहून द्यावं लागतं. इमेलपुरतं तरी हे अक्षरशः खरं आहे.

आता तो कचरा म्हणजे काय ते सांगतो, कारण वादाचं मूळ तिथे आहे.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. 'सोलापूर' हा शब्द स, ओकार, ल, काना, प, ऊकार, र असा सात चिन्हांचा, म्हणजे २१ बाइट. जुन्या सात बिटांच्या रस्त्यावरून जाण्यासाठी त्याला इंग्रजी अक्षरांचे कपडे चढवावे लागतात. एका पद्धतीत (बेस-६४) त्याची २८ अक्षरं होतात, दुसऱ्या पद्धतीत (कोटेड-प्रिंटेबल) तब्बल ६३. पलीकडच्या माणसाने कपडे उतरवले आणि पाकिटावरची ओळ वाचून यूटीएफ-८ ने बघितलं तर परत सोलापूर. पण ओळ हरवली असेल, किंवा तिच्यावर चुकून पश्चिम युरोपचा संकेत लिहिला असेल, तर तेच २१ बाइट २१ वेगवेगळी चिन्हं म्हणून दिसतात. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी छोटा 'ए' पुन्हा पुन्हा दिसतो तो यामुळेच. देवनागरीचा प्रत्येक पहिला बाइट तोच असतो.

पुढची गंमत मी वहीत मांडून पाहिली. काना होतो 'पाऊण' या अपूर्णांकाचं चिन्ह. म होतो नोंदणीकृत ट्रेडमार्कचं चिन्ह, गोलातला 'आर'. ण म्हणजे ब्रिटिश पौंड. ढ म्हणजे अमेरिकन सेंट. मात्रा, उकार, ओकार यांच्यात मधला बाइट जपानी येन म्हणून उमटतो आणि दुसरी वेलांटी तर येन आणि युरो दोन्ही घेऊन येते. आजोबांनी सांगितलेला यंत्रमागांचा हिशेब असा चार देशांच्या चलनात उघडतो. :-)

आणि आमची भवानी पेठ! भ चा शेवटचा बाइट पश्चिम युरोपच्या तक्त्यात एक अदृश्य संयोगरेषा आहे. शब्द ओळीच्या शेवटी तुटला तरच दिसायची, एरवी नाही. आणि ठ चा शेवटचा बाइट म्हणजे एक कोरी जागा, न तुटणारी. आता कुठलाही साफसफाईवाला प्रोग्रॅम पहिलं काम काय करतो? ओळीच्या शेवटची कोरी जागा झाडतो. पायथॉनची साधी 'स्ट्रिप' ही सूचनासुद्धा ही कोरी जागा उचलते. आजोबांच्या प्रत्येक मेलच्या तळाशी एका ओळीवर 'भवानी पेठ' आणि खालच्या ओळीवर 'सोलापूर' असायचं. कचरा दिसतोय म्हणून आधी झाडू मारला आणि मग वाचायला गेलं तर प्रत्येक पत्रातल्या पेठेचा ठ गेलेला असेल. पत्ता राहील 'भवानी पे'.

म्हणून माझं पहिलं म्हणणं: कचरा दिसला तर घाबरू नका, खूश व्हा. तो कचरा नाहीच, बरोबर मजकूर चुकीच्या चष्म्यातून दिसतोय. चौकोन चौकोन दिसले तरी काळजी नाही, त्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नाही एवढंच. भीती वाटायला हवी ती प्रश्नचिन्हांची. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं असतील तर वाटेत कुठल्या तरी यंत्राने ही अक्षरं मला लिहिता येत नाहीत म्हणून प्रत्येकाच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहून ठेवलंय. मूळ बाइट गेले. ते जगातल्या कुठल्याही स्क्रिप्टने परत येत नाहीत.

पण तिथेही घाई नको. एकाच मेलमध्ये बऱ्याचदा दोन प्रती असतात, एक साध्या मजकुराची आणि एक एचटीएमएलची, आणि प्रत्येक प्रतीला स्वतःची कंटेंट-टाइप असते. पाकिटात पाकीट. आमच्याकडच्या काही मेलांत साधी प्रत पूर्ण प्रश्नचिन्हांची आहे आणि एचटीएमएलच्या प्रतीत आजोबा जसेच्या तसे बसलेत, फक्त आकड्यांच्या रूपात: आ म्हणजे २३१०, आणि असंच पुढे. त्या काळी ब्राउझरला पानाच्या लिपीत न बसणारं अक्षर दिसलं की तो असे आकडे लिहायचा. भावाची 'फक्त साधा मजकूर काढून घे' ही युक्ती इथे आजोबांना टाकून प्रश्नचिन्हं उचलणार.

आता कोडवाल्यांसाठी थोडं. कंटेंट-टाइपची ओळ बघितली की वाटतं, यात काय आहे! अर्धविरामावर तोडा, बरोबरच्या चिन्हावर तोडा, झालं. नाही होत. लांब ओळ मोडून खालच्या ओळीवर येते, सुरुवातीला एक कोरी जागा ठेवून. किंमत अवतरणात असू शकते आणि फाइलच्या नावात, अवतरणाच्या आत, अर्धविराम असू शकतो. प्रकाराच्या नावात लहान-मोठी लिपी चालते, पण दोन भागांमधली सीमारेषा, म्हणजे 'बाउंडरी', अक्षर न् अक्षर जुळावी लागते. त्या काळच्या एका लोकप्रिय मेल प्रोग्रॅमची सीमारेषा तर चार आडव्या रेघा आणि मग बरोबरचं चिन्ह अशीच सुरू व्हायची, म्हणजे बरोबरवर तोडणाऱ्याचा तिथेच कपाळमोक्ष. शिवाय फाइलचं नाव मराठीत असेल तर त्याचे तुकडे करून, प्रत्येकाला क्रमांक देऊन पाठवायची वेगळीच तऱ्हा आहे. रेगेक्सने हे सगळं पकडायला जाणं म्हणजे चाळणीने पाणी भरणं.

पायथॉनमध्ये यासाठी 'इमेल' नावाचं पॅकेज आयतं आहे, त्याला मेल द्यायची ती बाइटच्या रूपात, मजकुराच्या रूपात नाही. पूर्वी बरेच जण 'सीजीआय' या मोड्युलमधली 'पार्स हेडर' ही छोटी सोय वापरायचे. ते मोड्युलच पायथॉन ३.१३ मधून, २०२४ साली, काढून टाकलं, त्यामुळे भावाने कुठल्या तरी जुन्या पानावरून उचललेला तुकडा आता चालणारही नाही. हे मी त्याला सांगितलंय. तो म्हणाला जुनं पायथॉन टाकतो. असो.

पण ओळ नीट वाचता आली म्हणजे काम झालं, असं नाही, आणि इथेच माझा त्याच्याशी खरा मतभेद आहे. पाकिटावरची ओळ म्हणजे पाठवणाऱ्याचा जबाब आहे. पुरावा नव्हे. जबाब आधी ऐकायचा, मग तपासायचा. यूटीएफ-८ म्हटलं असेल तर तपासणं सोपं आहे, कारण त्याची घडण इतकी नेटकी आहे की भलताच मजकूर तिच्यात सहसा बसत नाही, लगेच अडकतो. पश्चिम युरोपचा संकेत मात्र त्या नातेवाइकासारखा आहे जो कशालाच नाही म्हणत नाही. कुठलाही बाइट द्या, त्याच्याकडे एक चिन्ह तयार! त्यामुळे 'एरर आला नाही' याचा अर्थ तिथे काहीच नाही.

आणि काही जबाब असे आहेत की शब्दाने खरे, अर्थाने खोटे. मधल्या काळात काकांच्या मेली एका सेवेतून दुसऱ्या सेवेत हलवल्या गेल्या. हलवणाऱ्या यंत्रणेने (नाव घेत नाही) मराठी मजकूर पश्चिम युरोपचा समजून वाचला आणि तो किडा-मुंगीचा मजकूर इमानेइतबारे यूटीएफ-८ मध्ये लिहिला. आता पाकिटावर यूटीएफ-८ आहे, आतही यूटीएफ-८ आहे, फक्त आतला मजकूरच किडे-मुंग्या आहे. हे उलटं फिरवता येतं: विंडोज-१२५२ या तक्त्याने परत बाइट करायचे आणि यूटीएफ-८ ने वाचायचे. फक्त एक गोम आहे. त्या तक्त्यात पाच घरं रिकामी आहेत, त्या बाइटना चिन्हच नाही. काही प्रोग्रॅम अशा बाइटला तसंच पुढे ढकलतात, काही तिथे प्रश्नचिन्ह ठेवतात. आणि त्या पाचांपैकी दोन घरांत आपलं काय येतं? पहिला उकार आणि पाय मोडायची खूण, म्हणजे हलन्त. उकार आणि जोडाक्षरं! मराठीत याशिवाय चार शब्द लिहून दाखवा.

मी आमच्या मुलखाची गावं घालून पाहिली. सोलापूर शाबूत पोचतं. पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला, मोहोळ, सगळी सुखरूप. अक्कलकोट आणि बार्शी जोडाक्षरापाशी फुटतात, तुळजापूर उकारापाशी. कुर्डुवाडीची तर वाट लागते, दोन उकार आणि एक रफार, तीन ठिकाणी जखम. जंक्शनच ते.

आता नीट बघा. 'अक्कलकोट' फुटलं तेव्हा तीन बाइटपैकी एकच गेला, आधीचे दोन तिथेच आहेत. त्या दोन बाइटनंतर येणाऱ्या रिकाम्या घरात रोजच्या मराठीत येण्यासारखं काय असतं? पहिला उकार किंवा हलन्त. (ॐ सुद्धा त्यातच येतो, पण तो पत्राच्या माथ्यावर.) म्हणजे अशा प्रत्येक जखमेपाशी दोनच पर्याय आणि मराठी येणारा माणूस शब्द बघून क्षणात सांगेल कुठला. अवघड काही नाही, वेळखाऊ आहे. पण हे केव्हा शक्य आहे? ते उरलेले दोन बाइट हाताशी असतील तर. भावाची स्क्रिप्ट न वाचता येणाऱ्या बाइटांच्या जागी काळ्या हिऱ्यातलं प्रश्नचिन्ह टाकून पुढे जाते. ते एकदा फाइलवर लिहिलं गेलं की तिथे उकार होता, हलन्त होता, की आख्खं अक्षर होतं, कळायला मार्ग नाही. साफसूफ करताना आपणच उरलेला पुरावा पुसणार. पीडीएफ देखणी दिसेल आणि आजोबा 'अक्कलकोटला' च्या ऐवजी काही तरी अडखळत बोलतील, कायमचे.

२००४ च्या आधीच्या मेलांची तऱ्हा आणखी वेगळी. तेव्हा घराघरांत शिवाजी, सुरेख, कृतिदेव असले फॉन्ट होते. त्यात मराठी अशी काही नसायचीच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फक्त फॉन्टने त्यांना मराठी मुखवटा घातलेला. पाकिटावरची ओळ तिथे अगदी खरं बोलते, 'पश्चिम युरोपचा मजकूर आहे', कारण तसा तो आहेच! फॉन्ट गेला, मुखवटा गेला. या मेलांना कंटेंट-टाइप कितीही नीट वाचली तरी उपयोग नाही. एचटीएमएलमध्ये फॉन्टचं नाव कुठे लिहिलंय ते शोधायचं आणि त्या फॉन्टचा तक्ता लावायचा. तोही सरळ नाही. या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, जशी दिसते तशी, आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट, जसं बोलतो तसं. प्रत्येक शब्दात उचलाउचली करावी लागते. पुण्यात सी-डॅकने इस्कीसारख्या संकेतावर केवढं काम केलं, १९९१ साली त्याचं भारतीय मानकही झालं, आणि आपण मात्र वर्षानुवर्षं मुखवट्यांनी भागवलं. आजही सरकारी कागद जुन्या फॉन्टात टाइप करून त्याची पीडीएफ पाठवणारे लोक मला भेटतात. त्यातला शब्द शोधता येत नाही, कॉपी केला तर किडे-मुंग्या. मला याचा फार राग येतो, पण तो लेख वेगळा.

रोमन लिपीतल्या मेली मात्र सगळ्या धडधाकट आहेत. काकांनी २००२ पासून मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायला सुरुवात केली, 'पोचतं तरी' म्हणून. पोचलंही. पण एम-ए-एल-ए हे मला, माळा, माला की मळा, ते वाचणाऱ्याने ठरवायचं. एका मेलमध्ये काकांनी मळा विकल्याबद्दल विचारलंय की माळेबद्दल, यावर आत्या आणि बाबांचं अजून एकमत नाही. आजोबांनी रोमन कधी चालवून घेतलं नाही. टाइप करणारा नातू कंटाळला की ते म्हणायचे, पोचो न पोचो, मराठीतच लिही. तेव्हा आम्हाला तो हट्ट वाटायचा. आज त्या तुटक्याफुटक्या मेलांत 'ळ' आणि 'ण' शोधत बसलो की बरं वाटतं की त्यांनी ऐकलं नाही.

तर माझी मागणी साधी आहे. मूळ मेली जशा आहेत तशा, बाइटला बाइट, दोन ठिकाणी ठेवायच्या. त्यांना कुणीही, मी धरून, हात लावायचा नाही. वाचायची प्रत वेगळी करायची आणि तिच्यात प्रत्येक पत्राशेजारी लिहायचं की पाकिटावर काय लिहिलं होतं आणि आपण कुठल्या तक्त्याने वाचलं. जिथे उकार की हलन्त असा अंदाज केला, तिथे खूण करायची. दिवाळीला जेवढं होईल तेवढं छापू. उरलेलं पुढच्या दिवाळीला.

आणि नातेवाईक मंडळींना हात जोडून विनंती. जुन्या मेली मला फॉरवर्ड करू नका, फॉरवर्ड करताना पाकीट नवीन होतं आणि जुनी ओळ जाते. कॉपी करून व्हॉट्सॅपवर तर अजिबात टाकू नका, भ ची ती अदृश्य संयोगरेषा वाटेत कुठे गळेल सांगता येत नाही. मेल उघडा, 'मूळ संदेश दाखवा' किंवा 'डाउनलोड' असं काही मिळतंय का बघा आणि ती फाइल जशीच्या तशी पेनड्राइव्हवर द्या. जमत नसेल तर मला बोलवा. आत्या, माळ्यावरच्या तुझ्या जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क भंगारवाल्याला देऊ नकोस. मी पुढच्या शनिवारी इंटरसिटीने येतोय.